सोंगी भजनाचा अर्ज

कागदावर आमच्या संस्थेत सात विश्वस्त आहेत. कामाला आम्ही दोघीच. मी शाळेतून निवृत्त झालेली चित्रकलेची बाई, आणि माझी मैत्रीण बँकेतून निवृत्त झालेली. बाकीचे पाच जण लागेल तिथे सही करतात आणि वार्षिक सभेला येऊन कटवडा खातात.

छोट्या कला-प्रकल्पांना अनुदान देणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईकडे असतात. दरवर्षी आम्ही त्यांच्याकडे अर्ज करायचो आणि दरवर्षी तिकडून फार गोड पत्र यायचं. आपला अर्ज प्रेरणादायी होता, तथापि. त्या 'तथापि'पुढचं आम्ही वाचायचंच सोडून दिलं होतं.

मैत्रिणीचं म्हणणं, आपली भाषा कमी पडते. ज्यांना अनुदान मिळालं त्यांच्या वेबसाइटी वाचून तिने शब्द जमवले होते: सक्षमीकरण, शाश्वत, सर्वसमावेशक. भाजीत मीठ घालावं तसे ती ते अर्जात घालायची. मुलांनी शाडूचे गणपती करायचे, एवढाच आमचा एक प्रकल्प होता. तिच्या हातून तो 'पर्यावरणपूरक सहभागी मूर्तिकला हस्तक्षेप' होऊन निघाला. हस्तक्षेप म्हटल्यावर मला वाटलं, आता पोलीस येणार. आलं ते नेहमीचं पत्रच.

त्यानंतर कागलच्या पुढच्या एका गावात जुन्या विद्यार्थ्याच्या वास्तुशांतीला गेले होते. संध्याकाळी तिथे सोंगी भजन होतं. टाळ-पखवाजावर भजन चालू असतं आणि मधेच मंडळी वेगवेगळी सोंगं घेऊन छोटे छोटे प्रवेश करतात. त्या मंडळाचे बुवा साठीच्या पुढचे, अंगाने दणकट, एके काळी तालमीत असावेत असे. ते सुनेच्या सोंगात आले. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, कमरेवर घागर. सासू झालेल्या सोबत्याकडे त्यांनी एकदाच वळून बघितलं आणि मांडवातल्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

मागाहून त्यांच्याशी बोलले. मंडळात आता म्हातारेच उरले होते. तरणी पोरं एमआयडीसीत पाळ्यांना जाणारी, भजनाला येईनात. मला वाटलं, हे करावं. पोरांना सुट्टीच्या दिवशी शिकवायचं आणि गावोगाव थोडे प्रयोग करायचे.

अर्ज तयार झाल्यावर मैत्रीण आणि मी तो बुवांना वाचून दाखवायला गेलो. त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून तिने सगळा वाचला. बुवा मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "ह्यात आमी कुठं हाय?"

"हे काय, 'ज्येष्ठ लाभार्थी'. म्हणजे तुम्ही."

"लाभार्थी म्हंजे रेशनचं न्हवं?"

त्यांची बायको चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. काकी बारीक, उंच, आवाज मात्र पखवाजासारखा. ती म्हणाली, "सरळ लिवा की बाई. म्हातारी माणसं हाईत, चांगलं करत्यात, कुणी इचारंना झालंय. पोरं शिकली तर टिकंल."

मैत्रिणीला ते पटलं नाही, पण शेवटची तारीख जवळ आली होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. मी काकीचीच चार वाक्यं जराशी नीट करून लिहिली. यावेळी पत्रात 'तथापि' नव्हतं. मुलाखतीला बोलावलं होतं, व्हिडिओवर, कलाकारासह.

मुलाखत आमच्या घरी ठेवली. बुवा मोपेडवरून आले, मागे मांडीवर पिशवी घेऊन काकी. "ही कशाला ते इचारू नका," बुवा म्हणाले, "निऱ्या हिच्याबिगर जमत न्हाईत." तेव्हा मला कळलं की पिशवीत नऊवारी आहे.

"बुवा, नुसतं बोलायचंय. सोंगाची गरज नाही."

"सोंगाचाच अर्ज हाय न्हवं? मग बिनसोंगाचा जाऊन काय दावू?"

दोघं आत गेली. दार लोटलं. आतून काकीचं "श्वास आत घ्या, आणि आत घ्या" ऐकू येत राहिलं. बुवा बाहेर आले तेव्हा त्यांनी माझी टिकली लावली होती, आणि शेजारच्या वहिनी नेमक्या विरजण मागायला दारात आल्या होत्या. त्यांनी बुवांना वाकून नमस्कार केला, विरजण घेतलं आणि गेल्या. मी आजपर्यंत त्यांना काही सांगितलेलं नाही.

लॅपटॉपवर तिघं दिसले. दोन गृहस्थ, त्यांतल्या एकाचं चित्र हलतच नव्हतं, आणि मधे एक मॅडम, चष्मा लावलेल्या, शांत. आधी मैत्रीण बोलली. तिने एका दमात तीनदा सक्षमीकरण म्हटलं. मग मॅडम म्हणाल्या, "या प्रकल्पात महिलांचा सहभाग किती असेल?"

मी तोंड उघडायच्या आत बुवा म्हणाले, "मी हाय की." मानेला झोका देऊन पदर सावरला.

मॅडमनी चष्मा पुसला. "तसं नाही. प्रत्यक्ष स्त्रिया. पुरुषाने बाईचं सोंग घेण्यात बाईची चेष्टा होते, असं नाही का वाटत?"

बुवा गंभीर झाले. त्यांची एक सवय मला तेव्हा माहीत नव्हती. अंगावर लुगडं असेपर्यंत ते नाटकातल्या बाईसारखं 'मी आले, मी गेले' असंच बोलतात. "न्हाई ओ मॅडम. मी जल्मभर सूनच झाले. पाणी आणलं, भाकऱ्या थापल्या, सासूचं बोलणं खाल्लं. सुनंचं दुखणं मला ठावं हाय."

लॅपटॉपच्या मागे, खुर्चीवर बसलेली काकी फिसकन हसली. "ठावं हाय म्हनं. पाणी प्यालेला तांब्या उचलून ठेवत न्हाईत."

"हे कोण बोललं?" मॅडम म्हणाल्या.

मी काकीला पुढे आणून बुवांच्या शेजारी बसवलं. काकीने पदर नीट केला आणि तोंड स्क्रीनच्या फार जवळ आणलं. "मी बोललो. मी ह्यांची मंडळी. गप बसणार हुतो, पर ऱ्हावलं न्हाई."

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मीही घरात तसंच बोलते आणि शाळेत मराठीच्या बाई मला त्यावरून टोकायच्या. पण तिकडच्या तिघांना हे माहीत नसावं. त्यांच्यासमोर मिशी भादरलेला एक दणकट माणूस लुगडं नेसून 'मी सूनच झाले' म्हणत होता आणि शेजारी एक बाई 'मी बोललो' म्हणत होती. न हलणारे गृहस्थ पहिल्यांदाच हलले. "एक मिनिट," ते म्हणाले, "यांतले आता बुवा नक्की कोण?"

"मीच ओ," बुवा म्हणाले. "लुगड्यातली."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी कॅमेरा बंद केला. पुन्हा दिसल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. काकीला म्हणाल्या, "तुम्ही काम कराल का भजनात?"

काकीने विचार केला. "करीन की. पर सून न्हाई व्हणार. ती घरात झालो, बास झालं. गडीमाणूस करा मला."

बुवांनी तिच्याकडे बघितलं. असं बघताना त्यांना मी मांडवात पाहिलं होतं, सासूकडे. पण तिथे लोक हसले होते. इथे कुणी हसलं नाही.

अनुदान मिळालं. अट एकच होती, काकीने काम करायचं. मैत्रिणीने पत्र दोनदा वाचलं आणि मला फोनवर म्हणाली, "एवढे शब्द मी जमवले, आणि मिळालं कशावर तर तांब्यावर."

गावात मात्र कुरकुर सुरू झाली. पखवाजवाले आजोबा म्हणाले, भजनात बाईमाणूस कधी सोंगाला उभं राहिलेलं नाही. काकी म्हणाली, "बाई कोण हाय हितं? मी गडी हाय." आजोबांनी पखवाज पुढे ओढला. तालीम सुरू झाली.

पोरं आली. पहिल्या रविवारी फार नाही, पण काकी मिशी लावून उभी राहते हे गावात पसरल्यावर मात्र देवळाचा सभामंडप भरायला लागला. मिशी आम्ही कोल्हापुरातून नाटकाचं सामान मिळतं तिथून आणली होती. ती चहात पडायची. काकी बोटाने बाहेर काढायची, झटकायची आणि पुन्हा लावायची. म्हणायची, "घरात मिशी कुणाची तरी पायजेच की."

तालमीतला पहिला प्रवेश साधा होता. नवरा बाजारातून येतो, बायको चहा देते, मग भांडण. बुवांनी आपलं काम नेहमीसारखं चोख केलं. काकीने मात्र ठरवलेलं काही केलंच नाही. ती आली, पायतान दारात दोन दिशांना भिरकावलं, खाटेवर बसून हात नुसता पुढे केला. बुवांनी चहाचा कप त्या हातात दिला. तिने एक घोट घेतला, कप तसाच खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "साखर संपली काय गावातली?"

मंडप हशाने फुटला. बुवा मात्र सोंगातून बाहेर आले. साध्या आवाजात म्हणाले, "आसं मी करतो व्हय?"

"मी कुठं तुमचं नाव घेतलं?" काकी म्हणाली. "गड्याचं सोंग हाय. गडी आसंच करत्यात."

बुवा मंडपाच्या कडेला जाऊन बसले. मला वाटलं, आता मोडलं. अनुदान परत कसं करतात ते मैत्रीण मोबाइलवर शोधायला लागली. थोड्या वेळाने बुवा उठले, पदर खोचला आणि पोरांना म्हणाले, "बगा, हात असा फुडं झाला की सुनंनं कप द्यायचा न्हाई. आदी हाताकडं बगायचं. मग तोंडाकडं. मग द्यायचा. हशा तिथं हाय." आणि तो प्रवेश त्यांनी पहिल्यापासून पुन्हा घेतला.

त्या एका बघण्याने प्रवेश दुप्पट रंगला. घरी काही बदललं का, ते मी विचारलं नाही. अर्जदाराने किती विचारावं यालाही मर्यादा असते.

प्रयोग झाले. कागलला झाले, शिरोळच्या बाजूला एका बचत गटाने बोलावलं, तिथे बायकांनी कप खाली ठेवायचा प्रवेश पुन्हा करायला लावला. एका प्रयोगाला मुलाखतीतल्या मॅडम पुण्याहून स्वतः आल्या. बुवांनी त्यांना "या पावणं" म्हणून पुढे बसवलं. प्रयोगानंतर त्यांनी काकीला विचारलं, या प्रकल्पाने तुमच्यात काय बदल झाला. काकी म्हणाली, "मिशीखाली खाजतंय." मैत्रिणीने अहवालात याचं काय केलं, ते मी वाचलं नाही.

शेवटचा प्रयोग मलकापूरला होता. सोंगं उतरवायच्या आधीच गावातली एक म्हातारी बाई पुढे आली. तिला नीट दिसत नसावं. तिने बुवांना हळद-कुंकू लावलं, पदर पुढे करायला लावला आणि त्यांची ओटी भरली. नारळ, तांदूळ, वर मोरपंखी खण. "लेकी, सासूनं लई छळलं गं तुला," म्हणाली. बुवांनी तिला खाली वाकून नमस्कार केला. "चालायचंच, आत्ती," म्हणाले, "आता बरी हाय मी."

परतताना जीपमध्ये त्यांनी खण काकीच्या मांडीवर ठेवला. काकीने तो उलगडला, उजेडाकडे धरला, पोत बघितला.

"रंग बरा हाय," ती म्हणाली. "ह्याचा तुमास्नीच जंपर शिवतो. जुना काखंत उसवलाय."

"बाह्या जरा ढिल्या ठेव," बुवा म्हणाले, आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.