दारात कोण होतं?

समितीच्या बंद खोलीतलं बाहेर फुटलं, ते माझ्या तोंडून. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. बायकोलासुद्धा कधी बोललो नाही.

यंत्रमाग कारखान्यांतल्या अपघातांची सरकारी तपासणी खरोखर होते का, हे बघायला संसदेची एक समिती सोलापुरात आली होती. मी सरकारी कचेरीतला कारकून. लहानपण विणकरांच्या वस्तीत गेलं, तेलुगू येतं — म्हणून मला दुभाषी म्हणून आत बसवलं. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यातली बाई साक्षीला आली. तपासणीच्या आदल्या दिवशी मालकाला निरोप येतो, मग मागांना सुरक्षेच्या जाळ्या बसतात, तपासनिसाची गाडी गेली की निघतात — ती सांगत होती, मी हिंदीत सांगत होतो. साक्षीला कोण आलं हे बाहेर जाता कामा नये, असं अध्यक्षांनी बजावलं. मान सगळ्यांत जोरात मीच डोलावली.

आणि मग? दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर त्याच कारखान्याचा सुपरवायझर भेटला. माझा शाळेतला मित्र.

"लई मोठा माणूस झालास की रं! दिल्लीवाल्यांच्या मांडीला मांडी! आमचं कोण बोललं, सांग की."

नाव सांगायला मी काय खुळा होतो? "ते विचारू नको," म्हणालो, "पण अक्कांची हिंमत मानली पाहिजे."

अक्का. थोरल्या बहिणीला आमच्या गल्लीत सगळे तेलुगू लोक हेच म्हणायचे. साक्षीच्या वेळी त्या बाईलाही मी सवयीनं तेच म्हणत होतो. त्याच्या कारखान्यात तेलुगू बाई एकच होती. त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गाडीला किक मारली. तेव्हा कळलं — मी काय बोललो ते.

तिचं काम गेलं. कचेरीत चौकशी लागली. जो तो दुसऱ्याकडे तिरकं बघायचा, फोन आला की जिन्यात जायचा. सगळ्यांत जास्त मी बघायचो — कुणाला माझा संशय तर येत नाही ना?

साहेबांनी विचारलं, "दारात कोण होतं?"

"शिवाप्पा होता."

खोटं होतं का? नव्हतं. आमचा होटगीचा शिपाई शिवाप्पा साक्षीच्या वेळी दारातच उभा होता. तेवढं पुरलं. तो चहा घेऊन आला की बोलणं थांबायचं. "काय शिवाप्पा, आज काय ऐकलंस?" — असे टोमणे. एकदा मला म्हणाला, "भाऊसाहेब, मी तोंड उघडलं न्हाय. तुमाला तरी पटतंय का?"

"बघू," म्हणालो मी. बघू! वर संशय घेतला — हा मलाच का विचारतोय? याला कळलंय का?

त्याची गोदामात बदली झाली. तिथूनच तो निवृत्त झाला.

गेल्या महिन्यात आताच्या साहेबांकडे लेखी कबुली दिली आणि होटगीला गेलो. सगळं सांगितलं. शिवाप्पा शेळ्यांना पाला टाकत राहिला. मग म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. त्या बाईचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

शोधत गेलो. ती घरात विड्या वळत बसली होती. दारातच उभं राहून तेलुगूत सांगितलं. तिचे हात थांबले.

"शिपायानं फोडलं असं कानावर आलं होतं. मी त्याला शिव्याशाप देत आले," ती म्हणाली. "इतकी वर्षं."

"ते शाप माझ्या वाट्याचे होते," मी म्हणालो. "त्यानं काही केलं नाही. तुमचं काम माझ्यामुळं गेलं. चूक माझी."