खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

अण्णा, म्हणजे माझे वडील, कुरुळीजवळच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते. दर खंडेनवमीला ते आपलं मशीन घासूनपुसून लख्ख करत, त्याला झेंडूचा हार घालत आणि मगच घरी येत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला त्यांच्यापुढे मशीन नव्हतं. म्हणून त्यांनी माझी जुनी गाडी धुवायला घेतली. नळाला पाइप लावून, बॉनेट उघडून, अगदी आतूनसुद्धा.

दसऱ्याला सकाळी गाडी सुरू झाली ती थरथरतच. इंजिनचा पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबला की गचके. आई नवी साडी नेसून, आपट्याची पानं पिशवीत घेऊन मागे बसली होती. थेरगावची मावशी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. त्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि उन्हाळ्यापासून दोघी बहिणींची भेट नव्हती. बसची पायरी आईला चढवत नव्हती, आणि सणामुळे भाड्याची गाडी मिळेना.

"काल एवढी आंघोळ घातली तिला, ताप आला असंल," आई म्हणाली.

अण्णांनी उतरून बॉनेट उघडलं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. इंजिनिअरिंग शिकलो ते अण्णांच्या ओव्हरटाइमवर. त्या शिक्षणाचा घरच्या कामी उपयोग व्हावा असं त्या सकाळी फार वाटलं. टाकीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा आवाज नीट होता, स्पार्क प्लग नुकतेच बदललेले होते. उरले इंजेक्टर, प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारे. चालू इंजेक्टर टिकटिक करतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवून मुठीला कान लावला की ती टिकटिक ऐकू येते. मी वाकणार, तेवढ्यात अण्णांनी हात पुढे केला.

"आण इकडं. बेअरिंग मी असंच ऐकायचो."

प्रेसच्या दणक्यांनी त्यांचा डावा कान गेलाय. त्यांनी उजवा लावला.

"हा बोलतोय. हा बी बोलतोय." तिसऱ्यावर ते थांबले. "हा गप आहे बघ."

इंजिन बंद करून मी त्या इंजेक्टरचं वायरचं सॉकेट काढलं. रबर चिरलेलं होतं आणि आत पाणी साचलेलं.

"माझ्याच पाण्यानं झालं का रे?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण हयातभर मशीन सांभाळलेल्या माणसाला खरं कारण हवं असतं.

"हो, अण्णा. पण रबर आधीच गेलेलं होतं. पुढच्या पावसात हेच झालं असतं."

त्यांनी मान हलवली. माझ्या बायकोनं खिडकीतून वायर सोडून हेअर ड्रायर दिला. अण्णा तो दोन्ही हातांनी धरून सॉकेटवर हळूहळू फिरवत राहिले.

"माझे केस कधी वाळवले नाहीत एवढ्या मायेनं," आई मागून म्हणाली, तेव्हा कुठे ते हसले.

सॉकेट बसवून चावी फिरवली. दिवा तसाच होता, पण थरथर गेली होती.

थेरगावला आईनं मावशीच्या चालत्या हातात पानं ठेवली. "सोन्यासारखी राहा."

"कशाला आलीस गुडघा घेऊन?" मावशी अडखळत म्हणाली, आणि तिनं आईचा हात सोडला नाही.

अण्णा आत आले नव्हते. बोलवायला गेलो, तर बॉनेट उघडून ते चालू इंजिनवर कान देऊन उभे होते.

"आईला सांग, घाई करू नको," ते म्हणाले. "निवांत बस म्हणावं. मी आहे गाडीपाशी."