बुजलेल्या विहिरी

आडगावच्या शिवारात कुणाला विहीर पाडायची झाली, की तो म्हणायचा, "गोरक्ष-शफीला सांगावा धाडा." माणसं दोन, पण नाव एकच असल्यासारखं लोक ते एका दमात घ्यायचे. गोरक्ष शेतकऱ्याच्या घरचा, रुंद खांद्यांचा आणि अबोल. शफी पिंजाऱ्याच्या घरचा, अंगाने शिडशिडीत, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. बाप वारल्यावर त्याने कापूस पिंजायची कमान खुंटीला टांगली ती कायमची. त्याची आई खातूनबी म्हणायची, "माझ्या पोराला सावलीतला धंदा नको झाला. ह्या गोरखनं नादी लावला त्याला."

ती हे रागाने म्हणत नसे. गोरक्षची आई तो लहान असतानाच गेली होती, आणि खातूनबीच्या चुलीवरची पहिली भाकरी कितीदा तरी त्याच्याच हातावर पडली होती. तो तिला चाची म्हणायचा.

आडगावची जमीन म्हणजे वर काळी माती, खाली मुरूम, आणि मग काळा पाषाण. पाषाण लागला की शफीच्या अंगात यायचं. तो पहारीने भोक पाडता पाडता खडकाशी भांडायचा, त्याला शिव्या द्यायचा, विनवण्या करायचा. वर रहाटावर उभा असलेला गोरक्ष ऐकत राहायचा आणि गालात हसायचा. सुरुंग उडाले, झरा फुटला, की पहिली ओंजळ शफी वर धाडायचा, घमेल्यात घालून. असंच दोघांची लग्नं होईपर्यंत आणि झाल्यावरही चाललं. शफीची बायको सितारा घोटीची होती, आणि त्यांना एक लहानगी मुलगी होती, माजिदा.

एकोणीसशे चौतीस साली संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे बिहारात धरणीकंप झाला. आडगावात भांडंसुद्धा हललं नाही. रमजान ईद दोन दिवसांवर होती आणि खातूनबी शेवया वाळवीत बसली होती. बातम्या आल्या त्या ईद होऊन गेल्यावर. नाक्यावरच्या चहाच्या दुकानात कुणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. शहरंच्या शहरं बसली, जमीन फाटली, फाटीतून वाळू आणि पाणी उसळलं, असं त्यात असायचं. लोक चुकचुकायचे आणि उठून जायचे.

नाशिकला मदतीसाठी मंडळी जमवणारे एक वकील होते, रंगनाथपंत. ते आडगावात आले आणि देवळाच्या पारावर बोलले. "कपडे, धान्य सगळे देतात," ते म्हणाले, "पण तिथे हजारो विहिरी वाळूने बुजल्या आहेत. माणसं डबक्याचं पाणी पितात आणि मरतात. विहिरीत उतरू शकणारी माणसं हवीत."

शफीने गोरक्षकडे पाहिलं. गोरक्षने मान फिरवली.

घरी येताना शफी म्हणाला, "बुजली विहीर उपसायची म्हंजे आपलंच काम हे."

"लय लांब हे ते."

"लांब तर गाडी नेती ना. तू नाय आला तर मी एकटा जाईन. मग वर रहाटाला कोण राहील माझ्या?"

खातूनबीने दोघांच्या भाकऱ्या बांधल्या. निघताना तिने गोरक्षच्या हाताला धरलं आणि म्हणाली, "हा बडबड्या हे. ह्याच्याकडं बघ."

"बघतो, चाची."

नाशिक रोडला त्यांनी गाडी धरली. पाटण्याला उतरून आगबोटीने गंगा ओलांडली, आणि पुढे रूळ उखडले होते तिथे चालले. गोरक्षला वाटलं होतं, पडकी घरं बघायला मिळतील. पडकी घरं होतीच. मुझफ्फरपुरात अख्ख्या रस्त्याला एक भिंत उभी नव्हती, आणि विटांच्या ढिगांवर लोक आपापलं दार हुडकत बसले होते. पण तो जागीच थबकला तो पुढे, सीतामढीच्या वाटेवर. तिथे काही घरं पडलीच नव्हती. ती खचली होती. एका माडीचा खालचा मजला जमिनीत गेला होता, आणि वरच्या खिडकीतून माणूस पाय टाकून सरळ अंगणात यायचा. पूल मधोमध वर उचलला गेला होता आणि त्याची दोन्ही टोकं रस्त्यापासून तुटली होती. उसाच्या उभ्या शेतांवर पांढरी वाळू पसरली होती. भेगा इतक्या लांब, की वळसा घालून जावं लागे.

शफी एका भेगेत वाकून पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "आपल्याकडं खालती पाषाण हे, तवा झोप लागती रे. ह्यांच्या खालती कायच नाय."

ते ज्या खेड्यात राहिले त्याचं नाव गोरक्षला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. काम सोपं दिसायचं. खडक नाही, सुरुंग नाही, नुसती वाळू भरून वर पाठवायची. पण सकाळी रिकामी केलेली विहीर दुसऱ्या सकाळी निम्मी भरलेली असायची, कारण तळातून वाळू पाण्याबरोबर उकळत वर यायची. शफीला भांडायला कुणी नव्हतं. "वाळूला काय शिवी देऊ? तिला कानच नाय," तो म्हणायचा. तरी विहिरी मोकळ्या होत गेल्या. पहिला हंडा भरला की बाया रडायच्या, आणि त्या दोघांना गुळाचा खडा द्यायच्या.

जमीन अधूनमधून अजून थरथरायची. पहिल्यांदा गोरक्ष ओरडत पळाला होता. नंतर सगळ्यांसारखी त्यालाही सवय झाली.

पाडवा झाला. बकरी ईदला घरी पोचायचं दोघांनी ठरवलं होतं. एक विहीर राहिली होती, एका विधवा म्हातारीच्या दारातली, जुनी, विटांनी बांधलेली. दोघांनी तिचं बांधकाम हातोडीने ठोकून पाहिलं, एके ठिकाणी फुगीर वाटलं तिथे लाकडाचे टेके दिले. मग शफी उतरला. दुपार होती. गावचे दोघे आणि गोरक्ष वर दोर ओढत होते.

खालून शफीचं चाललं होतं. "ह्या भातानं माझं पोट फुगलं रे गोरख. घरी गेल्यावर बाजरीची भाकर न् लसणाची चटणी, दुसरं कायच..."

जमीन हलली. इतकी थोडी, की ओट्यावरचा लोटाही कलंडला नाही. पण विटांच्या मागची वाळू कधीच निसटून गेली होती आणि बांधकाम पोकळीवर उभं होतं. ते पोटातून फुटलं. गोरक्षने दोर ओढला. दोर सहज वर आला, टोकाला बादली घेऊन. खाली विटा, आणि विटांवर चहूकडून आत येणारी वाळू. पाण्यासारखी ती येत होती, आवाजसुद्धा नाही.

त्याने उडी टाकायला पाय उचलला तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कमरेला धरून मागे पाडलं.

मग त्यांनी बाजूने खोदायला घेतलं. अख्खा गाव आला. जेवढं खोदावं तेवढं कड ढासळून पुन्हा भरायचं. तिसऱ्या दिवशी मदतीच्या तुकडीच्या डॉक्टरांनी काम थांबवलं, म्हणाले, "आणखी माणसं जातील." गोरक्ष त्यांच्या पायावर पडला आणि नंतर त्यांच्या अंगावर धावला. डॉक्टरांनी दोन्ही सहन केलं. गावात चार घरं मुसलमानांची होती. त्यांनी विहिरीच्या कडेला उभं राहून जनाज्याची नमाज पढली. खड्डा भरून घेतल्यावर म्हातारीने दारातली ती जागा लिंपली आणि तिथे तुळस लावली.

गोरक्ष आडगावला पोचला तेव्हा बकरी ईद होऊन गेली होती. खातूनबी दारात बसली होती. तिने त्याच्या मागे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या शफीच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"कबर कुठं हे?" तिने विचारलं.

"कबर नाय, चाची. त्या विहिरीतच..."

"काढला नाय तू त्याला?"

"नाय निघाला."

"दुसऱ्याच्या विहिरी काढल्या," ती म्हणाली, "न् माझं पोर ठेवून आला." गाठोडं घेऊन ती आत गेली आणि दार लोटलं.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. तो धान्य नेऊन ठेवायचा. ते तसंच ओट्यावर राहायचं, कोंबड्या खायच्या. मग त्याची बायको कुसाबाई नेऊ लागली. तिच्या हातून ती घ्यायची, पण कुणी धाडलं ते विचारायची नाही. सिताराची इद्दत, नवऱ्यामागे घरात पाळायची मुदत, संपल्यावर तिचा भाऊ आला आणि तिला माजिदासह घोटीला घेऊन गेला. पुढे तिचं दुसरं लग्न झालं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले, खातूनबीही म्हणाली. पण घरात ती एकटीच उरली.

गोरक्ष काम करीत राहिला, कारण दुसरं काही येत नव्हतं. शफीच्या जागी तो स्वतः खाली उतरायचा. त्याला रात्री नव्हे, दिवसाच त्रास व्हायचा. खाली पहार मारताना तो मध्येच थांबायचा आणि विहिरीच्या कडा बघत राहायचा. पक्का पाषाण. हजार वर्षं न हललेला. तरी तो त्यांवर हात फिरवून पाहायचा.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी खातूनबी काठी टेकत त्याच्या कामावर आली. मुरमाच्या ढिगावर बसली. तो वर आला.

"मला सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासनं. जमीन कशी फाटती ते सांग."

त्याने सांगितलं. इतकं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. खचलेली माडी सांगितली, उचललेला पूल, वाळूखालचा ऊस. बाया कशा रडायच्या ते सांगितलं, गुळाचा खडा सांगितला. टेके दिले ते, हादरा किती बारीक होता ते, शफी भाकरीचं बोलत होता ते. ती मध्ये एकदाच बोलली, "लसणाची चटणी म्हणला?" आणि पदर डोळ्यांना लावला.

सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बोल लावायचा तर मलाच लाव, चाची. तू म्हणली होती, ह्याच्याकडं बघ."

"तुलाच लावून बघितला," ती म्हणाली. "वरीसभर लावला. नाय बसत रे. वकिलाला लावून बघितला. त्या म्हातारीला लावला. जमिनीला लावायचा तर जमिनीवरच निजायचं हे मला. कुणाचीच चूक नसली तर आईनं काय करायचं, गोरख?"

तो तिच्या शेजारी मुरमावर बसला. उन्हं चढली तेव्हा तो तिला घरापर्यंत पोचवून आला. त्या दिवसापासून ती पुन्हा त्याच्या हातचं धान्य घेऊ लागली.

ती आणखी तीन पावसाळे जगली. शेवटच्या दुखण्यात ती गोरक्षलाच कधी शफी म्हणायची, कधी गोरख, आणि तो दोन्हीला ओ द्यायचा. ती गेली तेव्हा त्याने गावातल्या महेबूबचाचांना विचारलं, "कबर मी खोदली तर चालंल?" महेबूबचाचा वयाने थोर, सगळं जाणणारे. त्यांनी मान डोलावली.

कबरस्तानात वर काळी माती होती, खाली मुरूम. गोरक्षने कडा सरळ तासल्या, हात फिरवून पाहिल्या, पुन्हा तासल्या. तो खाली खाली जात राहिला. शेवटी महेबूबचाचा कडेला वाकून म्हणाले, "बस कर, गोरक्ष. ही विहीर नाय."

तो वर आला. खातूनबीला खाली ठेवलं, फळ्या लावल्या, आणि सगळे पुढे होऊन मूठ मूठ माती टाकू लागले. गोरक्ष माती हातात घेऊन उभा राहिला. त्याचा हात उघडेना. लोक थांबले. महेबूबचाचांनी त्याच्या मुठीखाली आपला तळवा धरला आणि ती कबरीवर नेली. बऱ्याच वेळाने त्याची बोटं सैल झाली, आणि माती पडली.