चॅटमध्ये नसलेली खूण

आमच्या घरात माणूस ओळखायची रीत जुनी आहे. रामकुंडावर यजमान उतरला की आमचे हे विचारतात, गाव कुठलं आणि आडनाव काय. मग तो आजोबा-पणजोबांची नावं सांगतो आणि विधी सुरू होतो. ज्याला नावं सांगता आली तो आपला. ह्याच सवयीपायी आम्ही चांगलेच तोंडघशी पडलो.

झालं असं, की सकाळी घाटावर यांना फोन आला. पलीकडच्याने गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. हे खूश! "गुरुजी, घराण्यातली सगळी नावं एकत्र करून ठेवलीत. मी सांगतो तो कोड तेवढा तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये टाका, म्हणजे तुम्हाला दिसतील." कुठे काय दाबायचं तेही त्यानेच सांगितलं. यांनी उपरण्याला हात पुसले आणि कोड टाकला. नावं काही दिसली नाहीत. "नंतर दिसतील," म्हणाला तो भामटा, आणि यांनी मान डोलावली.

जेवताना मला कौतुकाने सांगतात, "लोक किती व्यवस्थित झालेत बघ हल्ली." मी आमटी वाढत होते, माझं लक्ष नव्हतं. आजोबांचं नाव काय, निधनाच्या कुठल्याही जाहिरातीत छापलेलं असतं, एवढं यांच्या डोक्यात यायला नको?

दुपारी हे आत घोरत होते. यजमानांचे निरोप मीच बघते, म्हणून यांचा फोन माझ्यापुढे होता आणि मी मेथी निवडत बसले होते. बघते तर आमच्या नावाने मेसेज जातायत! मी हात लावलेला नाही, फोन जमिनीवर, आणि एकामागून एक मेसेज चाललेत. "नमस्कार. खोलीच्या बुकिंगसाठी आपल्या व दिवंगत व्यक्तीच्या आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि मृत्यूचा दाखला पाठवावा. आपल्याला एक कोड येईल, तोही कळवावा."

हुबेहूब माझी भाषा! 'पाठवावा', 'कळवावा' असं मीच लिहिते. मेल्याने माझे जुने मेसेज वाचून उचललं होतं. आणि लोक पाठवणारच की. यजमानांच्या उतरायच्या खोलीसाठी आधार कार्डाचा फोटो आधीच मागवून घ्यायची सवय आम्हीच तर लावलेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फोनच्या सेटिंगमध्ये गेले. 'लिंक केलेली डिव्हाइसेस' म्हणून असतं, तिथे सकाळच्या त्या कोडने एक कॉम्प्युटर जोडलेला दिसला. आमच्या घरात कॉम्प्युटरच नाही. त्याला तिथून हाकलला. व्हॉट्सॲप सहा आकडी पिन लावा म्हणून कितीदा सांगायचं आणि मी 'नंतर' दाबायची, तो पिनही लावला. पण गेलेल्या मेसेजचं काय? ज्याला ज्याला गेला होता त्याला फोन लावत सुटले.

माझा जीव अडकला होता एका मुलीत. सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, आमचे जुने यजमान, नुकतेच वारले होते. त्यांची ही एकुलती एक लेक. पुण्याला नोकरी करते आणि अस्थी घेऊन यायची होती. त्या मेसेजखाली तिचं उत्तर होतं, "पाठवते काकू." जिवंत माणूस निदान भांडायला तरी जाईल. गेलेल्याच्या नावावर कुणी सिमकार्ड घेतलं, कर्ज काढलं, तर तो कुठून येऊन सांगणार की बाबांनो, हा मी नव्हे?

तीनदा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, आता मेसेज खरा धरू की तुम्हाला? मी तुमचा आवाज कधी ऐकलेला नाही, आणि नंबर तर तोच आहे."

मी तिच्या आजोबांचं, पणजोबांचं नाव सांगितलं. "ही नावं मीच तुम्हाला चॅटवर पाठवलीत," ती म्हणाली. "चॅट वाचणाऱ्यालाही ती माहीत असणार."

मला राग आला. काल आलेली पोरगी, मलाच चोर ठरवते! पण लगेच वाटलं, हिच्या अर्धी अक्कल यांना सकाळी सुचली असती तर? यांना गदागदा हलवून उठवलं आणि फोन स्पीकरवर टाकून पुढे धरला. "चॅटमध्ये नाही असं काहीतरी सांगा तिला."

हे डोळे चोळत बसले. मग म्हणाले, "बाळ, तुझी आजी गेली तेव्हा तू आली होतीस इथे. शाळेत होतीस. पायरीवर बसून पेरू खात होतीस आणि बिया पाण्यात टाकतेस म्हणून मी रागावलो होतो."

हे पुढे सांगत गेले.

"तर्पणाच्या वेळी मी तुझ्या वडिलांना आईचं नाव विचारलं. त्यांना आठवेना. आयुष्यभर 'बाई' अशीच हाक मारलेली. 'बाई, बाई' करत एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मी म्हटलं, बाई म्हणा. तेही पोचतं."

ती म्हणाली, "पप्पा रडले होते ते आठवतंय मला. का ते कधी सांगितलं नाही त्यांनी." मग सांगितलं, "फोटो काढून ठेवलेत गुरुजी. पाठवणारच होते. आता डिलीट करते." मी तिथेच भिंतीला टेकून बसले.

आता आम्ही कागद मेसेजवर मागवत नाही. आल्यावर दाखवा आणि लगेच पिशवीत ठेवा, असं सांगतो. कोड तर सख्ख्या भावाने सांगितला तरी टाकायचा नाही, हे मी यांच्याकडून देवासमोर वदवून घेतलंय. कुणाला शंका आली तर सरळ फोन करायचा आणि कुठेच लिहिलेलं नाही असं काहीतरी विचारायचं.

ती मुलगी ठरल्या दिवशी आली. ओळख सांगायला गेली तर यांनी हातानेच थांबवलं, "बस बाळ." अस्थी सोडल्या. तर्पणाला यांनी तिच्या ओंजळीत पाणी घातलं आणि विचारलं, "वडिलांचं नाव?"

तिने तोंड उघडलं. नाव येईना. "पप्पा" एवढंच बाहेर पडलं.

"पोचलं," हे म्हणाले.