शेवंतीचा टॉवर

माझ्या माडीवर मोबाइल टॉवरवाल्यांचं ऑफिस आहे. जिन्याखाली त्यांच्या चपला साचतात तसे माझ्याकडे त्यांचे किस्से साचलेत. माडी माझी, चहा माझा, मग कान पण माझेच की!

यांचं काम काय, तर जुन्या टॉवरवर नवी मशिनं बसवायची. टॉवर भरपूर, मशिनं थोडी. आधी कुठं बसवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यांचे मोठे उल्हाससाहेब म्हणतात, "आजी, थोड्या मशिनांत जास्तीत जास्त लोक खूश. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात."

"मग नदीपलीकडं तेरेखोलला माझी बहीण आहे, शेवंती. तिला आधी खूश कर रे! माझी खोबरं खवायची विळी नेलीय तिनं. फोनवर मागायला गेले की म्हणते, 'रेंज नाही गो!' आणि कट!"

कॉम्प्युटर चालवते ती कोल्हापूरची वैशाली. ती म्हणाली, "तिकडं लोक कमी हायत आजी. नंबर शेवटचा."

"अगो, शेवंती एकटी अख्ख्या वाड्याएवढं बोलते!"

*

दुसऱ्या दिवशी चहा पांचट. साहेबांचं तोंड वाकडं. "आजी, दूध संपलं?"

"नाही रे. दूध तेवढंच, कप डबल. पाववाल्या पोदेराला पण पाजला. ऑप्टिमायझेशन!"

*

एकदा तेरेखोलचा टॉवर तपासायला माणूस पाठवला. रस्ता कॉम्प्युटरनं काढलेला. काठावरून त्याचा फोन, "साहेब, पुढं नदी!"

"कॉम्प्युटर तर सरळ जा म्हणतोय."

"त्याला पोहता येत असेल. मला नाही!"

*

शेवटी मशीन उरलं एक, टॉवर दोन. एक मोपाच्या उंच, उघड्या सड्यावरचा, एक शेवंतीचा. कॉम्प्युटर म्हणे, दोन्ही सारखेच, कुठलाही घ्या!

मी म्हटलं, "देवीला कौल लाव. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की शेवंती."

साहेब खो खो हसले. सकाळी बघते तर देवळाबाहेर त्यांच्या चपला! जिन्याखालच्या त्या चपला मला पाठ.

उजवी पडली! साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, 'स्थानिक पाहणी'. पाकळ्या चिकटवणारा गुरव शेवंतीचा जावई, पण ते कोणी विचारलंच नाही!

*

मशीन बसलं. सगळं ऑफिस माझ्या दारापुढच्या ओसरीवर, बाल्कांवात जमलं. फोन स्पीकरवर लावला.

"शेवंती, ऐकू येतं?"

"खणखणीत गो! शेजारी बसल्यासारखी वाटतेस."

साहेबांनी टाळीच वाजवली.

"मग ऐक. माझी विळी कधी देतेस?"

"हॅलो? हॅलो? रेंज नाही गो!"

आणि मागून खोबरं खवल्याचा आवाज. खर्र, खर्र. एकदम क्लिअर!