माझा बारा सेकंदांचा आवाज

रेल्वेतून रिटायर झालो अन् मले संध्याकाळी सातच्या टीव्हीवरच्या चर्चेचं व्यसन लागलं. नुसता पाहत नव्हतो, भांडत होतो. बायको आतून ओरडे, "अहो, त्या डब्ब्यातल्याले ऐकू येते काय तुमचं?" मी म्हणे, तू आपल्या पोळ्या पाह.

आमचा पोरगा आखातात वेल्डर. घराजवळच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये काम शिकला अन् तिकडं गेला. देशाचं नाव लिहीत नाही, पोट्टा अजून तिथंच आहे.

त्या दिवशी चर्चेत एक पाहुणा भडकला अन् त्याच देशाच्या राजाबद्दल नाही नाही ते बोलून गेला. अँकरनं त्याले थांबवाचं, तर "बोला, बोला, देश ऐकून राहिला," म्हणून आणखी चढवलं. जिभेले हाड नसते म्हणतात. माझ्या तरी जिभेले कुठं होतं? मी ती क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली अन् खाली माझा आवाज भरून पाठवला, "शाब्बास! त्या राजाची लायकीच तेवढी! आणखी हाणा!" बारा सेकंद. पोरगाही त्याच ग्रुपवर आहे, हे ध्यानातच आलं नाही. तिथं राहून त्याले काय भोगा लागन, हा विचार तर दूरच.

दुसऱ्या दिवशी त्याच चॅनलवर लाल पट्टी आली. त्या देशानं तिथल्या आपल्या राजदूताले बोलावून जाब विचारला, माफी मागा म्हणे. तिकडच्या टीव्हीवर तीच क्लिप सकाळपासून चालू. दुपारी आपल्या सरकारनं सांगितलं, हे आमचं मत नाही. अन् संध्याकाळी तोच अँकर तोंड पाडून विचारते, "दोन देशांचे संबंध बिघडवले कोणी?" अबे, तूच बिघडवले! मी टीव्हीले चप्पल फेकून मारली.

मग फोन पाहिला. पोरानं ग्रुप सोडला होता.

फोन लावला, उचलला नाही. वीस वेळा लावला. त्याचा व्हिसा त्याच महिन्यात नवा व्हायचा होता, अन् टीव्ही सांगून राहिला होता की तिकडं आपल्या कामगारांचे फोन तपासतात, काही लोकांले परत धाडतात. इतकी वर्षं त्या डब्ब्यानं सांगितलेलं मी देवाचं वाक्य समजलो. त्या दिवशी मनापासून वाटलं, हा खोटं बोलत असो.

दोन दिवस मी फोनच लावत राहिलो. बायको जेवताना एकदा म्हणाली, "तुमाले कोणी विचारलं होतं?" मी ताट सरकवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पोरगा होता, दोस्ताच्या फोनवरून. आवाज दबका. घाबरला की तो हिंदीवर येते.

"पापा, फोन चेक हुआ."

"मग?"

"आपका नाम फोन से पहले ही निकाल दिया था. सिर्फ नंबर दिख रहा था. मेसेज मिटा ही रहा था, कंपनी का साहब आ गया."

त्या साहेबानं माझा आवाज सगळ्यांसमोर वाजवला. आपल्याकडच्याच एका कामगाराकडून मतलब विचारून घेतला. मग माझ्या पोराले विचारलं, हा माणूस तुझा कोण लागते?

"तू काय म्हटलं?"

मागं मशीन घरघरत होती.

"मैं बोला, होगा कोई पागल. मैं नहीं जानता इसको."

"बरं केलं बेटा," मी म्हटलं. "व्हिसा?"

"देखते हैं, बोला साहब ने."

महिन्याच्या शेवटी व्हिसा झाला. बायकोनं मंदिरात नारळ फोडला. मी केबल काढून टाकली. हात दाखवून अवलक्षण केलं होतं, आता कोणाले दोष देऊ? नंबर परत सेव्ह कर, असं त्याले एकदा म्हटलं, तर म्हणे, "अभी नहीं पापा, थोडे दिन जाने दो." हव, म्हटलं, घाई नाही.

परवा राहवलं नाही, दुपारीच फोन लावला. तिकडून पोरगाच करड्या आवाजात म्हणे, "कौन?"

साहेब जवळ उभा असन, मी समजलो. "राँग नंबर," म्हटलं अन् ठेवून दिला.