पत्रकावरची गाबोळी

वळगणीला, म्हणजे पहिल्या पावसात, ओढ्यात उलट चढणाऱ्या माशाच्या पोटात काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला?

अंडी. म्हणजे ओढ्याची पुढची पिढी. हे मी खांदा कॉलनीपासून विचुंब्यापर्यंत ओरडत फिरलो. त्यावर पाच पत्रकं काढली. शेवटच्याचा मथळा — ‘अंड्यांवरचा मासा खाणारा ओढ्याचा खुनी!’ पण एक गोष्ट पाचांतल्या एकाही पत्रकात नाही. आईलाही सांगितलेली नाही.

गेल्या जूनमध्ये मी विचुंब्याच्या जानूकाकांकडे गेलो. त्यांनी ओढ्यात बांबूचा सापळा लावला होता — वाडवडिलांची रीत. मी तासभर बोललो. काका मान हलवत राहिले. शेवटी काकी म्हणाली, “घसा सुकला आसंल. खा जरा.” आणि तळलेली गरम गाबोळी — तीच माशाची अंडी — पुढे केली. माझ्याच पत्रकावर.

मी नको म्हणालो. खरंच म्हणालो — एकदा. मग वास आला. शत्रूची चव तरी माहीत असावी, नाही का? दोनदा वाढून घेतली. तेलाने ‘खुनी’ हा शब्द आरपार दिसू लागला, तेव्हा कुठे थांबलो.

इथवर हसलात तर हसा. कबुली अजून पुढेच आहे.

दोन दिवसांनी देवळापुढे गावाची बैठक भरली. मी तावातावाने बोललो. मागून कोणीतरी ओरडलं, “कोन धरतंय मासं? नाव घे ना!”

मी घेतलं. जानूकाकांचं. त्यांच्यासमोर. टाळ्या पडत होत्या म्हणून? तेही असेल. पण खरं म्हणजे भीती — आपण आधी बोललो नाही, तर ते बोलतील.

काका उठले. मला वाटलं, मेलो.

“पोरगा बरोबर बोलतो,” ते म्हणाले. “मासं मीच धरलं. सापला आजच काढतो.”

बस. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. मी खाली बसलो — आणि गप्प राहिलो. काकी जाताना माझ्याजवळ थांबली. “बाला, फुडल्या वर्षी कागद जाड घे. तेल लय झिरपतं.”

काकांनी सापळा खरोखरच काढला. तरी गावातली पोरं त्यांना अजून ‘खुनी’ म्हणून चिडवतात. शब्द माझा.

या जूनमध्ये मासे ओढा चढताना दिसले, तर त्यांना वर जाऊ द्या. ते तेव्हाही खरं होतं, आजही आहे. आणि हे सांगत मी तुमच्या दारी आलो, तर पत्रक घेण्याआधी माझी बोटं हुंगा.